शेवटच्या घरचं पाणी

पनवेलच्या एस.टी. स्टँडावरून रिक्षा केली आणि खाडीच्या अंगाला वळलं, की आधी दुकानं संपतात, मग डांबर संपतं, आणि रिक्षावाला "हितून पुढं चिखल हाय" म्हणून जिथे उतरवतो तिथे शेवळखार सुरू होतं. कमळाकर कोळी याच गावचा. पोरसवदा वयात फौजेत गेला आणि हवालदार होऊन परत आला. शेवटची काही वर्षं त्याच्याकडे नव्या रंगरुटांना कवायत शिकवायचं काम होतं. अशा माणसाला फौजेत उस्ताद म्हणतात. गावाने त्याची हवालदारी कधीच विसरून टाकली, पण उस्ताद हे नाव मात्र उचललं, कारण गावाला नावं ठेवायला नेहमीच आवडतं.

माणूस कडक असेल असं वाटतं ना? तसा नव्हता. मिशा कडक होत्या, एवढंच. दुपारी जेवून तो पडवीतल्या खुर्चीत बसला की समोर खाडीचं पाणी चकाकायचं, बांधलेल्या होड्या एकमेकींना ढुशा द्यायच्या, आणि उस्ताद उघड्या डोळ्यांनी स्वप्नात जायचा. त्याला पाण्यावरून चालत येणारी एक पलटण दिसायची. खांद्याला खांदा, पावलाला पाऊल, आणि एकाचाही बूट ओला नाही. बायको सुमती म्हणायची, "अवो, झोपायचं तर आत झोपा, मिशीवर माश्या बसतान." तो म्हणायचा, झोपलोय कुठं? आणि ते खरंच होतं.

नारळी पौर्णिमेची मिरवणूक त्याच्या ताब्यात कशी आली ते सांगायला हवं. पूर्वी ती मिरवणूक म्हणजे नुसती रेटारेटी. सोन्याचा कागद लावलेला नारळ कोणी धरायचा, पुढे कोणाची बायको चालणार, बेंजोवाल्याच्या शेजारी कोण नाचणार, यावरून दरवर्षी एखादं तरी डोकं फुटायचं. उस्तादाने एका वर्षी सगळ्यांना शाळेच्या मैदानात उभं केलं आणि तिघी-तिघींच्या रांगा लावल्या. एका रंगाच्या साड्या, डोक्यावर कळशा, मागे बाप्ये. महिनाभर रोज संध्याकाळी सराव. "सावधान," "तेज चल," "थम," सगळं फौजेतल्या हिंदीत, कारण मराठीत हुकूम दिला तर बायका उलट उत्तर देतात असा त्याचा अनुभव होता. आणि सराव संपत आला की तो ओरडायचा, "लाइन तोड!" त्याबरोबर रांगा फुटायच्या, बायका कळशा उतरवून पाण्याच्या पिंपाकडे धावायच्या, पाणी प्यायच्या, गूळ खायच्या, उस्तादाच्या चालीची नक्कल करायच्या. चार-पाच वर्षांत अशी सवय लागली, की म्हाताऱ्या सोनाबाईचे गुडघे एरवी कुरकुरायचे, पण 'लाइन तोड' ऐकलं की पोरींच्या आधी पिंपापाशी.

शेवळखारच्या मिरवणुकीची आणखी एक रीत होती, ती उस्तादाच्या आजाच्याही आधीची. देवळाकडून निघालेली मिरवणूक बंदराच्या आधी शेवटच्या घरापाशी थांबायची. त्या घरच्या बाईने ओट्यावर पाण्याचा हंडा भरून ठेवायचा, सगळ्यांनी तिथलं घोट-घोट पाणी प्यायचं, आणि मग खाऱ्या पाण्यात नारळ सोडायचा. दर्याकडे तहानलेलं जाऊ नये, म्हणतात. बंदराच्या वळणावरचं ते शेवटचं घर होतं काळूरामचं. म्हणजे शांतीचं. म्हणजे उस्तादाच्या पाठच्या बहिणीचं.

मग एका वर्षी ती रीत मोडली, आणि कशावरून मोडली तर चिंबोऱ्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून. काळूराम आजारी होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. अन्न तोंडात जात नव्हतं. एका सकाळी तो बायकोला म्हणाला, चिंबोरीचं कालवण कर. आता दिवस होते आषाढाचे. नारळ पाण्यात पडेपर्यंत एकही होडी सोडायची नाही, ही गावकीची शपथ. शांतीने क्षणभर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, उठली, होडीचा दोर सोडला आणि एकटी खाडीत गेली. सगळ्या गावाच्या देखत गेली, चोरून नाही. दुपारी कालवण झालं. काळूरामने दोन घास खाल्ले, हसला, आणि आठवड्याच्या आत गेला.

तिथेच संपायचं. पण नारळी पौर्णिमेनंतर गावकीचा अध्यक्ष गणू पाटील याची नवी बोट पहिल्याच फेरीत चिखलातल्या खुंटावर चढून फुटली. बोट हाकणारा भाचा प्यालेला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण प्यालेल्या भाच्यापेक्षा कोपलेला दर्या बरा, असं गणूला वाटलं. सभा बसली. शांतीने देवळात येऊन नाक घासून माफी मागावी, असं ठरलं. शांती म्हणाली, "नवऱ्याला जेवाय घातलं, त्याची माफी कनाला मागू?" झालं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, आणि जो पिईल त्याचंही घर तिच्या घराबरोबर वाळीत. हात वर करा म्हणाले. हात वर झाले. त्यात उस्तादाचाही होता.

त्याने का केला? विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. शेजारचा हात वर गेला म्हणून त्याचा गेला. सगळी जन्मभराची शिकवण तीच होती, शेजाऱ्याचा हात वर तर आपला वर.

त्यानंतरच्या दोन्ही पौर्णिमांना मिरवणूक शांतीच्या घरावरून सरळ निघून गेली, नजर समोर ठेवून. आणि दोन्ही वेळा शांतीने ओट्यावर हंडा भरून ठेवला होता, बाजूला पितळी फुलपात्रं घासून पालथी घातलेली. त्याच दिवशी राखीही असते. उस्तादाचं मनगट दोन वर्षं रिकामं राहिलं आणि त्याला त्या मनगटाची लाज वाटायची. लांब बाह्यांचा शर्ट घालायचा तो त्या दिवशी, उकाड्याने जीव गेला तरी.

तिसऱ्या वर्षीचा श्रावण उजाडला. दोन हजार अकरा साल असेल. उस्तादाची लेक समृद्धी खारघरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती. तिला वर्गात उभं राहून एका इंग्रजी वाक्प्रचारावर बोलायचं होतं, त्याचा अर्थ काय, तो आला कुठून. दुपारी ती पडवीत आली. बाप नेहमीप्रमाणे पाण्यावरची पलटण बघत होता.

"बाबा, 'ब्रेक रँक्स' म्हणजे काय?"

"रँक म्हंजे आडवी रांग," उस्ताद स्वप्नातून न उठताच म्हणाला. "खांद्याला खांदा लावून उभी असते ती. मागं-पुढं उभी ती फाइल. रँक तोडनं म्हंजे रांगेतून भाईर पडनं."

"नेटवर वेगळं लिहिलंय. आपल्या माणसांच्या, पक्षाच्या निर्णयाविरुद्ध जाणं. सगळे एक बोलतात आणि एक जण उठून दुसरं बोलतो, तो रँक्स तोडतो."

"ते मागून झालं असेल. पयलं आमचंच."

आणि मग तो सांगत बसला. आवाज हळू, डोळे पाण्यावर. जुन्या लढाया रांगांनी लढायचे. पहिली रांग गुडघ्यावर, दुसरी उभी. बंदुका आल्या तरी तेच, एक रांग झाडायची, दुसरी भरायची. समोरून माणसं येतात, घोडे येतात, जीव घशात येतो, पण तुझ्या डाव्या खांद्याला एक खांदा आहे आणि उजव्या खांद्याला एक, म्हणून तू उभा राहतोस. त्यातला एक जण भिऊन मागे सरला तर तिथे भोक पडतं. त्या भोकातून शत्रू आत येतो. मरतो तो सरकलेला नाही, त्याच्या शेजारचा. म्हणून रांग सोडणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा. इंग्रजांनी पुढे तोच शब्द सभेत आणि कचेरीत नेला, जिथे घोडा नाही की गोळी नाही.

समृद्धी लिहून घेत होती. मग तिचं पेन थांबलं.

"म्हणजे सैनिकाने रांगेतून बाहेर यायचंच नाही?"

"येतो की. हुकूम झाला की येतो. लाइन तोड म्हटलं की सगली भाईर."

"ते वेगळं, बाबा. ते हुकमाने. इंग्रजीतलं ते आपल्या मनाने." तिने वही मिटली. "आणि समोर शत्रूच नसेल तर? समोर फक्त आत्याचं घर असेल तर?"

 पाण्यावरची पलटण चालत होती. त्याला वाटलं, शेवटच्या रांगेत काळूराम चालतोय. अंगात जुना बनियन, ओठ सुकलेले. पलटण थांबत नव्हती, कारण थांबवायचा हुकूम कोणी देत नव्हतं. सगळे उस्तादाकडे बघत होते.

"चहा घेता का?" सुमतीने विचारलं, आणि पाणी पुन्हा नुसतं पाणी झालं.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन असं पडलं होतं, की श्रावण आहे हे पंचांगात बघून खात्री करावी. मोरपिशी साड्यांच्या रांगा देवळापासून निघाल्या. पहिल्या रांगेत मधोमध सोनाबाई, गणू पाटलाची बायको. शेवटच्या रांगेत समृद्धी, डोक्यावरची कळशी सावरत. बाजूने उस्ताद, लांब बाह्यांचा शर्ट, काखेत छडी. ढोल एका लयीत वाजत होता, पैंजण त्याच लयीत, आणि लोक दुतर्फा उभे राहून माना डोलवत होते. त्या आवाजात चालता चालता उस्तादाचे डोळे उघडे राहिले आणि तो आत कुठेतरी निघून गेला. त्याला खाडीचा वास आला. साड्यांची किनार पाण्यासारखी हलत होती. आपण जमिनीवरून चालतोय की पाण्यावरून, हे त्याला नीट कळेना.

वळण आलं. ओट्यावर हंडा होता. फुलपात्रं होती. शांती दारात उभी होती, हात पदराखाली. केस पिकले होते तिचे, तीन वर्षांत किती पिकले होते! रांगांनी नजरा समोर ठेवल्या. ढोलवाल्याने टिपऱ्या जोरात मारल्या, लवकर निघून जावं म्हणून.

"थम!"

रांगा थांबल्या. ढोल थांबला. हा हुकूम इथे नव्हता. गणू पाटलाने मागून मान उंच करून पाहिलं.

"लाइन तोड!"

हे त्याने ठरवून म्हटलं, की आतलं कोणीतरी म्हणालं, यावर शेवळखारमध्ये पुढे पुष्कळ वाद झाले. पायांनी मात्र वाद घातला नाही. महिनाभर रोज संध्याकाळी जे केलं तेच बायकांनी केलं. रांगा फुटल्या, कळशा ओट्यावर टेकल्या, आणि समोर पाणी दिसलं म्हणून त्या प्यायल्या. सोनाबाई सर्वांत आधी. तिने दुसरं फुलपात्रही भरलं. अर्धं पिऊन झाल्यावर तिचे डोळे मोठे झाले, आपण कुठे उभ्या आहोत हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने हातातल्या पाण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि उरलेलं पिऊन टाकलं.

हसू कुठून सुरू झालं माहीत नाही, पण सगळ्या ओट्यावर पसरलं. कोणी शांतीचा हात धरला. कोणी म्हणालं, "गो शांते, बारीक झालीस." तीन वर्षांनी त्या घरात माणसांचा आवाज झाला.

गणू पाटील पुढे आला. तोंड तांबडंलाल. काय करावं त्याला सुचेना, कारण सगळ्यांना वाळीत टाकलं तर गावकीत उरणार तो आणि ढोलवाला, आणि घरी भाकरी थापणारी तर हंड्याजवळच उभी. पण गणू तसा हुशार गडी. त्याने घसा साफ केला.

"ऐका समदी! हुकमानं पिलेलं पानी गावकी मोजनार नाय. सवयीनं झालं, चुकून झालं. कोनाला दोष नाय." मग त्याने उस्तादाकडे पाहिलं. "पन आता ह्याच्यापुढं जो आपल्या मनानं तिकडं पाय ठेवल, त्याचं घर तिच्या घराबरोबर. उस्ताद, भरती चढतेय. रांगा लावा."

सगळे उस्तादाकडे बघू लागले. तो रस्त्यातच उभा होता, टाचा जुळवून, छडी काखेत. हुकूम देणारा रांग तोडत नसतो. रांग तोडायची ती रांगेत असलेल्यांनी. त्याने तोंड उघडलं. 'लाइन बन' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. बहिणीच्या घरचं पाणी गाव प्यालं, गावकीचं नाक राहिलं, उस्तादाची अक्कल लोकांनी वाखाणली असती. साप मेला असता आणि काठीही शाबूत.

शांती ओट्याच्या पायरीपर्यंत आली.

"दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सगली आयली. तू नाय आयलास."

तिने हंड्याभोवतीच्या बायकांकडे मान वळवली.

"उद्या ही बोलतील, उस्तादानं सांगतलं म्हनून पिलो. त्यांना कारन गावलं. बरं झालं, मना राग नाय. पन तुला कोन हुकूम देल, दादा? तुजी वाट मी बगते तीन वरसं."

त्याच्या पायांना हुकमाची सवय होती. चाळीस वर्षांत ते आपल्या मनाने कुठे गेले नव्हते. त्याला वाटलं, पाठीमागून कोणीतरी ओरडेल, तेज चल. कोणी ओरडलं नाही. खाडीवरून वारा आला, साड्या हलल्या, आणि ते सगळं स्वप्नासारखं वाटलं, फक्त तहान खरी होती. ती त्याला आत्ता कळली. त्याने सुमतीकडे पाहिलं. घर तिचंही होतं, वाळीत पडायचं तर तिलाही होतं, आणि खारघरहून रोज या गावात परत यायचं होतं त्या पोरीलाही.

सुमती दुसऱ्या रांगेतली. पदराने तोंड पुसत होती. म्हणाली, "जावा की. बगता काय माज्याकडं?"

उस्तादाने छडी रस्त्यावर ठेवली. पहिलं पाऊल डावं टाकलं की उजवं, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. पायरीवर त्याचा पाय अडखळला आणि बाजूला उभ्या असलेल्या गणूच्या भाच्याने, त्याच त्या पिणाऱ्याने, नकळत हात पुढे केला. उस्तादाने तो धरला नाही. तो आपला आपण वर चढला.

मागे भरती वाट बघत नव्हती. नारळ सोडायलाच हवा होता. गणू ओरडला, "चला!" पण 'चला' म्हणजे कोणता पाय, हे कोणाला कळेना. एक पुढे, एक मागे, ढोल भलत्याच ठेक्यावर, कळशा एकमेकींवर आपटत, अशी ती मिरवणूक बंदराकडे निघाली, उस्तादाच्या आधीच्या काळात निघायची तशी. समृद्धी सगळ्यांत शेवटी, मागे वळून बघत बघत गेली. उस्तादाला एकदाही ती चाल सुधारावीशी वाटली नाही.

हंड्यात तळाशी पाणी उरलं होतं. शांती म्हणाली, "ते गरम झालंय, थांब," आणि आत गेली. तो ओट्यावर एकटा उभा राहिला. रस्त्यावरून जाणारी माणसं त्याला बघत होती आणि बघून नजर वळवत होती. हे बहिणीने तीन वर्षं रोज सोसलं, आणि तो पलीकडे खुर्चीत बसून पाणी बघत होता. 

शांती माठातलं पाणी घेऊन आली. त्याने एका दमात पिऊन टाकलं.

"आनखी?" तिने विचारलं.

"आनखी," तो म्हणाला. तिने ओतलं. तो प्यायला. पुन्हा पुढे केलं. तिने पुन्हा ओतलं, आणि तो रडत होता हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ती ओतत राहिली.